रणांगण दूर, गोदी जवळ

श्रोतेहो, नमस्कार.

आजचा विषय आहे, दोन महायुद्धांत भारताचा वाटा आणि त्याची घरी बसलेली झळ. विषय मोठा, वेळ थोडा. तेव्हा आकडे आधी उरकून टाकतो, कारण मला खरं सांगायचंय ते आकड्यांच्या पुढे आहे.

पहिलं महायुद्ध, 1914 ते 1918. हिंदुस्थानातून 13 लाखांहून जास्त माणसं या युद्धाच्या कामी गेली. त्यातली सुमारे 74 हजार परतली नाहीत. दुसरं महायुद्ध, 1939 ते 1945. या वेळी फौज 25 लाखांवर गेली, आणि सक्तीची भरती नसताना. त्यातले सुमारे 87 हजार गेले. पुन्हा सांगतो, पहिल्यात 13 लाख, दुसऱ्यात 25 लाख. आणि दोन्ही युद्धं जाहीर करताना आपल्याला कुणी विचारलं नव्हतं.

यातली आपली माणसं कोण? सातारा, रत्नागिरी, कुलाबा (म्हणजे आताचा रायगड), नगर या जिल्ह्यांतले शेतकरी. साताऱ्याजवळच्या आपशिंगे गावाच्या नावापुढे तर 'मिलिटरी' हा शब्दच कायमचा चिकटला. माणगाव तालुक्यातले यशवंत घाडगे 10 जुलै 1944 रोजी इटलीत पडले, त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात त्यांचा पुतळा आहे. मुंबई-गोवा रस्त्याने जाताना लोक माणगावला फक्त वडापावासाठी थांबतात. थांबावं, वडाही खावा, पण पाच मिनिटं पुतळ्यापाशीही जावं, असं आपलं माझं मत.

बंदूक न धरता गेलेलेही हजारो होते. बोटीवर कोळसा ओढणारे, इंजिनाला तेल घालणारे खलाशी. कोकणातल्या कितीतरी घरांतून एक तरी माणूस 'बोटीवर' असायचा. पहिल्या महायुद्धात बुडालेल्या अशा दोन हजारांहून अधिक खलाशांचं स्मारक आपल्या मशीद बंदरला, खलाशांच्या वसतिगृहात आहे. त्यांना कबर नाही, समाधी नाही, नुसती नावं.

आता घरची बाजू. पहिलं महायुद्ध इथे बोटीतून उतरलं ते तापाच्या रूपाने. जून 1918 मध्ये मुंबईच्या गोदीतले पोलीस शिपाई तापाने पडायला लागले, तिथून ती इन्फ्लुएन्झाची साथ आगगाडीने देशभर गेली. एक कोटीहून जास्त माणसं दगावली. म्हणजे युद्धात मेले त्याच्या शंभरपटीहून जास्त घरात, अंथरुणावर मेले. दुसरी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. युद्धात माणसं कमी पडली तेव्हा 1917 साली 111 महार ही पलटण उभी केली, आणि गरज सरल्यावर 1921 मध्ये मोडूनही टाकली. पुढे डॉ. आंबेडकरांनी हा विषय लावून धरला, आणि 1941 साली, पुन्हा युद्ध दारात आल्यावर, महार रेजिमेंट उभी राहिली. गरज सरो, वैद्य मरो. हा इंग्रजांचा खास गुण होता असं नाही म्हणत मी, पण त्यात ते तरबेज होते.

रणांगण दूर होतं, पण गोदी जवळ होती. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण आता मी त्या गोदीतच शिरतोय.

दुसऱ्या महायुद्धात मार्च 1942 मध्ये जपान्यांनी रंगून घेतलं. रंगूनशी आपला काय संबंध? भाताचा! मुंबई आणि कोकण ब्रह्मदेशचा तांदूळ खात होते. तो एका फटक्यात बंद झाला. मे 1943 मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झालं, देशात सगळ्यात आधी. त्याच वर्षी बंगालमध्ये दुष्काळात लाखो माणसं अन्नावाचून मेली. ते ऐकून मुंबईतल्या बायका रेशनकार्ड दागिन्यांसारखं जपायला लागल्या. दागिन्यांसारखं म्हणालो, त्याची गोष्ट आता सांगतो.

तारीख 14 एप्रिल 1944, वार शुक्रवार. माझी आत्या तेव्हा परकर-पोलक्यातली मुलगी. राहायला गिरगावात, चाळीत. माझे आजोबा मांडवीत एका धान्याच्या पेढीवर हिशेब लिहायचे. एप्रिल महिना, म्हणजे गच्चीवर वाळवणं. रेशनच्या तांदळातून चिमूट चिमूट वाचवून आजीने पापड्या घातल्या होत्या, तांदळाच्या. साबुदाण्याच्या नव्हेत. साबुदाण्याच्या पापडीला मी पापडी मानत नाही, ते बिनकामाचं कुरकुरीत प्रकरण आहे. असो. तर चारच्या सुमाराला आजीने आत्याला वर पाठवलं, पापड्या काढून आण म्हणून.

इकडे त्याच वेळी व्हिक्टोरिया गोदीत काय चाललं होतं? 'फोर्ट स्टिकिन' नावाची बोट धक्क्याला लागलेली होती. दोन दिवसांपूर्वी, 12 एप्रिलला, इंग्लंडहून कराचीमार्गे आलेली. तिच्या पोटात सुमारे 1,400 टन दारूगोळा. शिवाय लढाऊ विमानं. शिवाय सोन्याच्या विटांच्या 31 पेट्या. आणि कराचीला त्यात भर घातली कापसाच्या हजारो गाठींची आणि तेलाच्या पिंपांची. श्रोतेहो, काडेपेटी चुलीवर ठेवू नये हे आपल्या घरातल्या लहान पोरालाही कळतं. खाली कापूस, वर दारूगोळा, बाजूला तेल, हे कागदोपत्री रीतसर भरलेलं होतं. एरवी असा माल घेऊन आलेल्या बोटीने लाल बावटा लावायचा आणि भर समुद्रात माल उतरवायचा, असा नियम. पण युद्धाची घाई! नियम सैल केले, बावटा लावला नाही, बोट थेट शहराच्या कुशीत आणून बांधली.

दुपारी जेवणाच्या सुट्टीच्या वेळी शेजारच्या बोटींवरच्या काहींना धूर दिसला होता. प्रत्येकाला वाटलं, ज्याची बोट तो बघेल. दोनच्या आसपास आरडाओरड झाली. बंब आले, आधी थोडे, मग पुष्कळ. पाणी मारलं, किती? सुमारे 900 टन. आग दिसत नव्हती, नुसता धूर, आणि बोटीत पाणी उकळायला लागलं. कुणी म्हणे बोट इथेच बुडवा, कुणी म्हणे बाहेर ओढून न्या. अधिकारी पुष्कळ जमले होते, पण शेवटचा शब्द कुणाचा हेच ठरेना. चारला दहा कमी असताना बोट सोडायचा हुकूम निघाला. आगवाले मात्र नळ धरून उभेच राहिले. त्यांना पुरतं सांगितलंच नव्हतं की खाली काय आहे.

चार वाजून सहा मिनिटांनी बोट फुटली.

आत्या सांगायची, आवाज नंतर आला, आधी गच्ची हलली. मग आवाज. मग चाळीतल्या सगळ्या काचा. बारा किलोमीटरवरच्या काचा गेल्या, गिरगाव तर जवळच. सिमल्याला, इथून सतराशे किलोमीटरवर, भूकंपमापकाच्या सुईने त्याची नोंद केली. गोदीत 'जलपद्मा' नावाची जवळपास चार हजार टनांची बोट उचलली गेली आणि तिची मागची बाजू गोदामाच्या छपरावर जाऊन बसली. बोट, श्रोतेहो, छपरावर.

चाळीत एकच गलका, जपान आला! सगळे जिन्याकडे. आजीने आत्याला दंडाला धरलं, धाकट्याला कडेवर घेतलं, अर्धा जिना उतरली आणि परत फिरली. सगळे ओरडतायत, वहिनी चला, वहिनी चला. ही खोलीत. ट्रंकेत तिच्या लग्नातल्या पाटल्या होत्या. सगळ्यांना वाटलं त्या घ्यायला गेली. खाली आली तेव्हा हातात रेशनकार्ड! पाटल्या वरच. आत्याने विचारलं, तर म्हणाली, "पाटल्या शिजवू का?"

अर्धं गिरगाव चौपाटीच्या वाळूत जाऊन उभं राहिलं. तिथे असतानाच, पहिल्यानंतर अर्ध्या तासाच्या आत, दुसरा स्फोट झाला, पहिल्यापेक्षा मोठा. आत्या नेहमी म्हणायची, चौपाटीला जाऊन भेळ न खाता परत आलेली ती एकच संध्याकाळ. युद्धामुळे रात्री दिवे झाकायची सवय लागलेलं शहर, आणि त्या रात्री पूर्वेचं आकाश लालभडक. जळत्या कापसाच्या गाठी मांडवी, मशीद, डोंगरीवर येऊन पडल्या होत्या. गल्ल्याच्या गल्ल्या पेटल्या.

आणि आजोबा मांडवीत.

ते रात्री उशिरा आले, चालत. पायात वहाणा नाहीत, टोपी नाही, भुवया जळलेल्या. आजीने पाणी दिलं. ते पाणी प्यायले आणि इतकंच म्हणाले, "पेढी नाही राहिली." मांडवीतली धान्याची कोठारं गेली होती. 50 हजार टनांहून जास्त धान्य त्या आगीत गेलं, तेही रेशनिंगला वर्ष पुरं व्हायच्या आत. पुढचे महिने काळ्या बाजारवाल्यांची दिवाळी. आजोबांना मात्र भाजलेल्या तांदळाचा वास नंतर कधी सहन झाला नाही. घरात पापडी तळायची तर ते बाहेर व्हरांड्यात जाऊन बसत.

आणि गच्चीवरच्या पापड्या? दुसऱ्या दिवशी आजीने काचा निवडून, काजळी झटकून त्या डब्यात भरल्या. टाकल्या नाहीत!

सोन्याचं सांगायचं राहिलं. विटा उडाल्या त्या शहरभर. बारा किलोंच्या वरची एक वीट एका पारशी गृहस्थांच्या घरात छप्पर फोडून पडली. त्यांनी ती नेऊन सरकारला परत केली. बाकीच्या कितीतरी गाळातून निघाल्या, काही तर पुष्कळ वर्षांनी गाळ काढताना. लोक ही सोन्याची गोष्ट चवीने सांगतात. मला आजीचं कार्ड जास्त मोलाचं वाटतं.

आग आटोक्यात यायला तीन दिवस लागले. सुमारे 80 हजार माणसं बेघर झाली. मृतांचा आकडा प्रत्येक ठिकाणी वेगळा दिसतो, आठशेपासून तेराशेपर्यंत. गोदी साफ करायला 8,000 माणसं सात महिने राबत होती. घातपाताची कुजबुज खूप झाली, पण चौकशीत निघाला तो निष्काळजीपणा. बहुधा कुणाची तरी सिगरेट.

आता मी रेडिओवर बोलतोय म्हणून हे मुद्दाम सांगतो. ही बातमी जगाला सविस्तर कुणी सांगितली? जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने, दुसऱ्याच दिवशी, 15 एप्रिलला! आपल्याकडच्या बातमीदारांना सविस्तर वृत्त पाठवायला परवानगी मिळाली ती मेच्या दुसऱ्या आठवड्यात. गिरगावातून धूर दिसत होता, पण बातमी मात्र सायगावहून यायची. शत्रूचा रेडिओ कमी आवाजात लावायचा आणि दाराशी एक पोरगा पहाऱ्याला बसवायचा, हे तेव्हा घरोघरी चालत होतं.

त्या दिवशी नळ धरून उभे राहिलेले 66 अग्निशमन जवान गेले. त्यांचं स्मारक भायखळ्याला अग्निशमन दलाच्या मुख्यालयात आहे, आणि देशभर 14 ते 20 एप्रिल अग्निशमन सप्ताह पाळतात तो त्यांच्यासाठीच. सोसायट्यांतून या आठवड्यात भाषणं होतात, फोटो निघतात. जिन्यातले चपलांचे रॅक आणि जुन्या सायकली मात्र तिथेच. माझ्या स्वतःच्या इमारतीत मी हे चार वेळा बोललो, आता मला बैठकीची सूचनाच येत नाही.

वेळ संपत आलीय, तेव्हा उरलेलं धावत सांगतो. रणांगण दूर, गोदी जवळ, हे युद्ध संपल्यावरही खरं ठरलं. 18 फेब्रुवारी 1946 रोजी 'तलवार' या नाविक तळावरच्या खलाशांनी वाईट जेवणावरून संप पुकारला आणि मुंबईचे गिरणी कामगार त्यांच्या बाजूने रस्त्यावर उतरले. गोळीबारात दोनशेहून जास्त माणसं गेली. युद्ध जिंकलेल्या सरकारला आपलीच फौज आपली राहिली नाही हे तेव्हा नीट कळलं. आणि गंमत म्हणजे तोवर इंग्लंड आपलं एक अब्ज पौंडांहून जास्त देणं लागत होतं, युद्धात इथून नेलेल्या मालाचं आणि माणसांच्या खर्चाचं. सावकार कोण आणि कूळ कोण, तेच उलटं झालं होतं.

1971 चं युद्ध आपलं स्वतःचं. ते तुमच्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. खिडक्यांना काळे कागद, मोटारींच्या दिव्यांना वरून काळा रंग, भोंगा वाजला की गल्लीतून "दिवा बंद करा" म्हणून ओरडणारी पोरं. शरणार्थींच्या मदतीसाठी पत्रावर पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागायचं. आमच्या आजीने तेव्हा गावी धाडायची पत्रं निम्म्यावर आणली, पण तिकीट कधी चुकवलं नाही. 1971 वर बोलायचं तर वेगळा कार्यक्रम हवा. आकाशवाणीने बोलावलं तर येईन.

नमस्कार.