अंडाशयाला मिळालेला चुकीचा निरोप

सोनोग्राफीच्या पडद्यावर दिसते आहे ती गर्भपिशवी. अडीच महिन्यांचे दिवस आहेत, म्हणजे एव्हाना बाळाच्या हृदयाची धडधड दिसायला हवी. ती नाही. त्याऐवजी पाण्याने भरलेले लहानमोठे फुगे, घडासारखे एकमेकांना बिलगलेले. यालाच द्राक्षगर्भ म्हणतात.

आता बाजूला पाहा. हे अंडाशय. एरवी बदामाच्या आकाराचं, 3 ते 4 सेंटिमीटरचं. इथे ते 10 सेंटिमीटरच्या पुढे गेलंय आणि आत पातळ पडद्यांनी विभागलेल्या पाणीदार गाठी भरल्यात. दुसऱ्या बाजूलाही तेच.

झालं काय? पूर्ण द्राक्षगर्भात स्त्रीबीजातली आईची गुणसूत्रं नाहीशी झालेली असतात. बहुतेक वेळा अशा रिकाम्या बीजात एक शुक्राणू शिरतो आणि त्याची 23 गुणसूत्रं दुप्पट होतात. आकडा 46 भरतो, पण सगळी वडिलांकडचीच. त्यातून बाळ घडत नाही, वारेच्या पेशी मात्र वाढत सुटतात. त्याच पेशी एचसीजी बनवतात. दिवस गेल्याची चाचणी ज्यावर चालते, तेच हे संप्रेरक. द्राक्षगर्भात त्याचा आकडा लाखाच्या पुढे जाऊ शकतो.

अंडाशयाला रोजचा हुकूम मिळतो तो एलएच या संप्रेरकाकडून, आणि एचसीजीची घडण त्याच्याशी इतकी मिळतीजुळती आहे की अंडाशय तोही हुकूम पाळतं. ते आजारी नसतं. चुकीचा निरोप इमानाने ऐकत असतं, एवढंच.

हे आम्ही मुद्दाम ठासून सांगतोय. या गाठींना थेका ल्युटिन गाठी म्हणतात. त्यांचा आकार पाहून कर्करोगाची शंका येते आणि त्या शंकेपोटी चांगली अंडाशयं काढली गेली आहेत. गर्भ गमावलेल्या बाईचं अंडाशयही विनाकारण जावं, यासारखा अन्याय नाही. गर्भपिशवी साफ केली की एचसीजी उतरतं आणि गाठी बहुधा दोन ते चार महिन्यांत आपोआप विरतात.

मात्र एक प्रसंग थांबण्याचा नाही. जड झालेलं अंडाशय क्वचित स्वतःच्याच देठाभोवती फिरतं आणि पीळ पडतो. आधी रक्त बाहेर नेणाऱ्या शिरा दबतात, आत येणारं रक्त चालूच राहतं, त्यामुळे ते आणखी सुजतं. पोटाच्या एका बाजूला अचानक असह्य कळ येते, उलट्या होतात. गर्भपिशवी साफ झाल्यानंतरही हे घडू शकतं, आणि नेमकी तेव्हाच 'थोडं दुखणारच' म्हणून कळ अंगावर काढली जाते. काढू नये. वेळेत दुर्बिणीतून शस्त्रक्रिया केली तर पीळ सोडवता येतो, आणि काळंनिळं पडलेलं अंडाशयही पुष्कळदा सावरतं. गाठ फुटून पोटात रक्तस्राव झाला, तर चक्कर येते, चेहरा पांढरा पडतो. तेव्हाही तसंच, लगेच रुग्णालय.

गाठी आक्रसू लागल्या म्हणून रक्ततपासणी सोडायची नाही. पूर्ण द्राक्षगर्भानंतर शंभरातल्या साधारण 15 ते 20 जणींमध्ये उरलेल्या पेशी पुन्हा वाढतात. औषधांनी या बायका जवळजवळ सगळ्या बऱ्या होतात, पण वाढ कळते ती एचसीजीच्या आकड्यावरूनच. म्हणून डॉक्टर सांगतील तोवर पुन्हा दिवस राहू द्यायचे नसतात. नव्या गर्भानेही तोच आकडा चढतो, आणि मग तो कशामुळे चढला, हे ओळखणं अवघड होऊन बसतं.