रेघेच्या अलीकडे

[ओसरी. रात्र. करवतीचा आवाज, थांबत थांबत.]

लाइट गेलीय. खुंटीला मोबाइल टांगलाय, त्याची बॅटरी चालू आहे, आणि त्या उजेडात १९ वर्षांचं एक पोरगं करवत चालवतंय. चार हात मारतं, थांबतं. वाकून बघतं, फुंकरीनं भुसा उडवतं. पुन्हा चार हात.

परभणी जिल्हा, जिंतूर तालुका. गावाचं आणि पोराचं नाव सांगू नका असं त्यानं पहिल्याच दिवशी बजावलं. ‘हरून आलो तर पारावर बसून हसतेत लोकं.’ म्हणून या फिल्ममध्ये तो नुसता पोरगा आहे.

घर सुताराचं. आजोबांनी, म्हणजे आबांनी, बलुत्यावर काम केलं. वर्षभर गावाची औतं, वखर, तिफणी, बैलगाड्या नीट ठेवायच्या आणि सुगीला खळ्यावरून धान्य आणायचं. पुढं ट्रॅक्टर आला, तिफणही लोखंडी झाली. वडिलांनी दारं-चौकटींवर काही वर्षं काढली, मग चौकटीही लोखंडी झाल्या. आता ते परभणीत किचनच्या प्लायवूडची कामं घेतात. पोरगा आयटीआयला गेला. सुतारकामाचा ट्रेड एक वर्षाचा, आठवी पास असला तरी चालतो. हा बारावी करून गेला. त्यानंतर १९६१च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली वाळूजच्या एमआयडीसीत फर्निचरच्या कारखान्यात ॲप्रेंटिस.

तिथून आयटीआयच्या सरांनी त्याला परत गाठलं. म्हणाले, स्पर्धेला उतरायचं.

[आबा, बाजेवर.]

‘बैलांचा शंकरपट ऐकला व्हता. सुतारकीची बी शर्यत असती व्हय?’

असते, आणि जुनी आहे. १९४७ साली स्पेनमध्ये कारागीर पोरांची पहिली स्पर्धा झाली, १९५० मध्ये पोर्तुगाल त्यात आला, आणि त्यातूनच आजची वर्ल्डस्किल्स उभी राहिली. २०२४ला ती फ्रान्समध्ये लियॉनला भरली, २०२६चा मान शांघायचा. आपल्याकडून तिथं पोचायचं तर आधी राज्यात निवडून यायचं, मग इंडियास्किल्स, म्हणजे देशपातळीची स्पर्धा. बहुतेक कौशल्यांत २२ वर्षांच्या वर वय गेलं की दार बंद.

तिथं सुतारकाम एक नसतं. छपराचे वासे, लाकडी सांगाडे ही एक स्पर्धा. दारं, खिडक्या, जिने ही दुसरी. कपाटं, टेबलं ही तिसरी. आबांना हे सांगितलं तर त्यांनी आमच्याकडं अशी नजर टाकली की आम्ही कॅमेरा खाली घेतला. त्यांच्या हिशेबी सुतार म्हणजे पाळण्यापासून तिरडीपर्यंत सगळं करणारा माणूस.

पोरानं दुसरी निवडली. दारं-खिडक्यांची. सांध्यांची.

[पोराचे हात, जवळून. पटाशी, म्हणजे लाकूड तासायची छिन्नी. मोगरी, म्हणजे तिच्यावर मारायचा लाकडी हातोडा.]

पहिल्या सराव परीक्षेत त्याची जी गत झाली ती तो स्वतःच हसत सांगतो. सहा तासांचं काम, लागले नऊ. चौकट जोडली तर एक पट्टी वर, एक खाली. हात फिरवला की पायरी लागायची. कारण साधं होतं. खतकस, म्हणजे कडेला समांतर रेघ ओढायचं हत्यार, एका लाकडावर पुढच्या बाजूनं फिरवलं होतं आणि दुसऱ्यावर मागच्या. लाकडाचं एक तोंड ठरवायचं, त्यावर खूण करायची आणि सगळी मापं त्याच तोंडावरून घ्यायची, हा पहिला धडा. तो त्याला आयटीआयतच शिकवला होता. कारखान्यात मशिनवर काम करता करता गेला विसरून.

दुसरा धडा रेघेचा. त्यावर त्याचे दोन महिने गेले.

पेन्सिलीची रेघ डोळ्याला बारीक वाटते. टोक जरा बोथट झालं की ती अर्धा मिलिमीटर होते. आता कुसू घ्या. कुसू म्हणजे एका लाकडाला काढलेली जीभ, दुसऱ्या लाकडाच्या भोकात बसणारी. तिच्या दोन्ही अंगांना एकेक रेघ. करवतीनं दोन्ही रेघा खाल्ल्या तर कुसू एक मिलिमीटरनं बारीक झालं. ते भोकात घाला, दातासारखं हलतं. दोन्ही रेघा सोडल्या तर ते भोकात जातच नाही. मग मोगरी मारायची, आणि लाकूड फाटतं.

त्यात करवतीला जायला स्वतःची वाट हवी असते. तिचे दात आळीपाळीनं डावीउजवीकडं वाकवलेले असतात, म्हणून ती पात्याच्या जाडीपेक्षा रुंद कापत जाते. ही वाट पडायला हवी ती टाकाऊ बाजूला, रेघेला चिकटून, पण रेघेच्या पलीकडं न जाता.

सरांनी त्याच्याकडून पेन्सिलच काढून घेतली. हॅकसॉच्या जुन्या ब्लेडचा तुकडा घासून त्याची सुरी करायला लावली. सुरीची रेघ दिसते कमी, पण ती लाकडाचे धागे तोडून ठेवते, आणि पटाशीची धार बरोबर त्या चिरेत जाऊन बसते. मग बघायचं काही राहत नाही, हाताला कळतं.

[पाइनच्या पट्ट्यांचा ढीग. खिळे उपसतानाचा आवाज.]

सरावाला सागवान कोण देणार? किनवटचा साग नावाजलेला, पण त्याचा भाव ऐकून सरावाची भूक मरते. हा वाळूजहून पॅकिंगच्या खोक्यांचं पाइन आणतो, एसटीत, पोत्यात. खिळे उपसायचे, रंधायचं, वापरायचं. आणि एक गंमत त्याला इथंच कळली: मऊ लाकूड जास्त कडक मास्तर आहे. सागवानात थोडी बोथट पटाशी खपून जाते. पाइनचे धागे दबतात, चुरतात, सांध्याच्या तोंडाशी लव सुटते. म्हणून रोज धार. २५ अंशांवर उतार घासलेला, टोकाशी ३० अंश. घड्याळ लावून बघितलं आम्ही. तासाभराच्या कामात तो तीनदा दगडाकडं गेला.

संध्याकाळी सर एकेक सांधा ट्यूबलाइटसमोर धरतात. फटीतून उजेड आला की तो सांधा गेला. बोलत नाहीत. नुसते खाली टाकतात.

घरी हे टाकलेले सांधे आईच्या कामाचे. पाइन भुरकन पेटतं. ‘ह्याच्या परीक्षेनं माझं जळण भागायलंय,’ ती म्हणते.

[मागच्या अंगणात बैलगाडीचं मोडकं चाक.]

आबांचा आणि मिलिमीटरचा संबंध नाही असं आम्हालाही वाटलं होतं. मग त्यांनी धावेची गोष्ट काढली. लाकडी चाकावर लोखंडाची धाव, म्हणजे गोल पट्टी, चढवायची तर ती चाकाच्या घेरापेक्षा किंचित कमी करायची. शेणकुटांच्या जाळात लाल करायची. तापली की फुगते. सांडशीनं उचलून चाकावर टाकायची आणि लगेच पाणी. थंड होताना आवळत जाते आणि तुंबा, आरे, पाटे, सगळे सांधे एका दमात गच्च.

‘कमी म्हंजी किती, आबा?’ पोरानं विचारलं.

आबांनी बोट वर केलं, नखाची कडा दाखवली. ‘चाक वाळलं नसंल तर आनखी कमी. ओलं लाकूड मागून दगा देतं.’

हे पुस्तकातही आहे, वेगळ्या शब्दांत. वाळताना लाकूड लांबीत जवळपास आटत नाही, रुंदीत आटतं, आणि त्यातही वर्षवलयांच्या कडेकडेनं जितकं आटतं ते गाभ्याकडं जाणाऱ्या दिशेच्या साधारण दुप्पट. मराठवाड्यात वेगळं शिकवावं लागत नाही. पावसाळ्यात अडकणारं दार उन्हाळ्यात आपोआप उघडतं, हे इथं लहान पोरालाही ठाऊक.

[वेरूळ. क्रमांक १०चं लेणं, आतून.]

एका सुट्टीला तो आम्हाला वेरूळला घेऊन गेला. त्याचाच हट्ट. कैलास बाहेरूनच पाहिलं आणि थेट दहाव्या लेण्यात. वेरूळच्या बौद्ध लेण्यांतलं हे एकच चैत्यगृह. लोक त्याला सुताराची झोपडी म्हणतात, विश्वकर्मा लेणंही म्हणतात. वर बघा. कमानदार छताला लाकडी फासळ्या असाव्यात तशा ओळी आहेत. लाकूड मात्र कुठंच नाही. पाथरवटांनी अखंड दगडात सुताराचं काम कोरून ठेवलंय.

पोरगा बराच वेळ मान वर करून उभा. मला वाटलं भारावला. तो मोजत होता. ‘दोन फासळ्यातलं अंतर सगळीकडं सारखं हाय का, ते बघायलोय.’

[कारखान्याच्या मागची शेड. भिंतीवर घड्याळ.]

शेवटचे तीन आठवडे घड्याळाचे. मोठ्या स्पर्धेत काम चार दिवसांत विभागलेलं असतं आणि सुरुवात कागदानं होते: नकाशा वाचायचा, वस्तू पूर्ण मापात स्वतः काढायची, मग त्या चित्रावर लाकूड ठेवून खुणा उचलायच्या. सांधे चिकटवण्याआधी आतून तपासतात. गोंदानं झाकू म्हटलं तर झाकता येत नाही.

चित्र हीच त्याची खरी पडकी बाजू. घरात सगळं एकावर एक धरून जुळवायची सवय. या तुकड्यावर तो तुकडा ठेव, खूण कर, काप. कागदावरची तीन बाजूंची चित्रं मिळून एक खिडकी होते, हे डोक्यात बसायला वेळ लागला. आता तो पहिला सव्वा तास करवतीला हात लावत नाही. शेजारचं पोरगं कापायला लागलं की पाय वळवळतात, पण बसून राहतो.

एप्रिलच्या उन्हात पत्र्याखाली गोंद बघता बघता ओढायला लागतो. म्हणून आधी कोरडी जोडणी, सांधे आवळून धरणारे सगळे शिकंजे मापानं उघडून हाताशी, आणि मगच डबी उघडायची. जोडल्यावर दोन्ही कर्ण मोजायचे. आबा हेच सुतळीनं करायचे.

[पुन्हा ओसरी. पेटी भरणं.]

उद्या पहाटेची जिंतूर-संभाजीनगर गाडी. पेटीत पटाश्या फडक्यात गुंडाळून, रंधा आडवा, गुण्या सगळ्यात वर. आबांनी आपलं जुनं खतकस पुढं केलं. पोरानं टोकावर अंगठा फिरवला, झिजलंय. काही न बोलता कानस काढली, टोक घासलं, आणि कोपऱ्यात बसवलं.

आईच्या हातात कालची चौकट. उलटीपालटी करून बघते.

‘ही चांगली झाली रे. ठिवू का जाळू?’

‘दाव.’

तो चौकट मोबाइलच्या उजेडासमोर धरतो. एक कोपरा. दुसरा. तिसऱ्याला हात थांबतो. केसाएवढा उजेड.

‘जाळ,’ म्हणतो, आणि पेटीला कुलूप लावतो.