चौदा तासांचा उजेड

[दृश्य: पहाट. अंधारा लाकडी जिना. एका दाराखालच्या फटीतून येणारा पांढरा उजेड.]

नारायण पेठेतली जुनी इमारत, दुसरा मजला. पहाटेचे साडेपाच. आत टायमर ‘टक्’ करतो आणि २४ ट्यूब एका दमात लागतात.

ही माझ्या आईची शेती. निवृत्त झाल्यावर तिने सुरू केली. तीन लोखंडी रॅक, प्रत्येकाला चार कप्पे, कप्प्यांत मुळा, मोहरी, मेथी, सूर्यफूल. पेरल्यापासून आठ-दहा दिवसांत कात्रीने कापायची कोवळी रोपं. पश्चिमेला नवी इमारत उभी राहिली आणि या खोलीचं ऊन गेलं. पावसाळ्यात तर दिवस दिवस अंधारून असतं. म्हणून दर कप्प्यावर २० वॅटच्या दोन एलईडी ट्यूब, रोज १४ तास.

विजेचा हिशेब आम्ही कागदावर केला होता. २४ ट्यूब म्हणजे ४८० वॅट. २३० व्होल्टने भागा, दोन अँपिअरच्या जरा वर. गीझर याच्या चौपट ओढतो, मग यात काळजी कसली? एक एक्स्टेंशन बोर्ड आणला, भिंतीवरच्या ६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये खोचला, तिन्ही रॅक त्यावर लावले. आठ महिने काही झालं नाही.

[दृश्य: क्लोजअप. तळहातावर जळालेला थ्री-पिन प्लग.]

हा तो प्लग. फेजची पिन काळीनिळी पडलीय. तिच्या मुळाशी प्लास्टिक वितळून फोड आल्यासारखं गोठलंय. रविवारी दुपारी खोलीत करपट वास सुटला. आईला वाटलं, शेजारी दूध उतू गेलं. तिने सहज सॉकेटला हात लावला आणि चटका बसला. मेन स्विच तिनेच बंद केला. त्या वेळी ती घरात नसती किंवा झोपेत असती तर, या विचाराने आजही माझ्या पोटात गोळा येतो. दिवे पहाटे, घर झोपेत असताना लागतात.

मला सगळ्यात जास्त छळलं ते एका प्रश्नाने. एमसीबी, म्हणजे करंट मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडणारा स्विच, पडला का नाही?

वायरमनकाकांनी आधी क्लॅम्प मीटर काढला, वायरीभोवती धरून करंट मोजणारा. हा चिमटा एकट्या फेजच्या वायरीभोवती लावायचा असतो. फेज आणि न्यूट्रल दोन्ही त्यात धरल्या, तर जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना खोडतात आणि मीटर शून्य दाखवतो. नव्या प्लगवर ट्यूब लावून पाहिल्या. आमच्या कागदावर २.१ अँपिअर होते, मीटरवर ३.४. स्वस्त ट्यूबमधल्या ड्रायव्हरचा, म्हणजे एलईडीला वीज पुरवणाऱ्या सर्किटचा, पॉवर फॅक्टर कमी असतो. बिलाच्या मीटरात युनिट मोजले जातात ते वॅटचेच, पण वायरीतून करंट त्याहून जास्त खेळतो. खोक्यावरचे वॅट वाचून लोड काढू नका, मोजून घ्या. ऑनलाइन ‘१००० वॅट’ म्हणून विकले जाणारे कितीतरी ग्रो लाइट, म्हणजे रोपांसाठीचे दिवे, प्रत्यक्षात शे-दीडशे वॅट खातात. म्हणजे आकडा दोन्ही बाजूंनी फसवतो.

मग काकांनी विचारलं, “बोर्डवर आणखी काय लावता?” रविवारी इस्त्री. १००० वॅटची, मोकळं भोक हाताशी होतं म्हणून. दोन्ही मिळून सात अँपिअरच्या पुढे.

[दृश्य: उघडलेलं सॉकेट. आतली पितळी पट्टी. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने ती हलते.]

ही पट्टी बघा, हलतेय. पिनवरची पकड सुटलीय. अशा सैल जागी अर्धा ओहम रोध तयार झाला असं धरा. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. सात गुणिले सात गुणिले अर्धा, म्हणजे साडेचोवीस वॅट. रेडिओ दुरुस्तीवाल्याकडचं साधं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं. म्हणजे आमच्या भिंतीत, हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या जागेत, सोल्डरिंग आयर्न चालू होतं. इस्त्री नसताना, एकट्या ट्यूबवरही तिथे सहा वॅटच्या आसपास उष्णता, आणि तीही सलग १४ तास. मिक्सर दोन मिनिटं फिरतो आणि सांधा गार होतो. इथे त्याला गार व्हायला फक्त रात्र मिळते. रोज तापायचं, रोज आकसायचं, रोज थोडं आणखी सैल व्हायचं.

आणि एमसीबी? तो १० अँपिअरचा. त्याच्या लेखी सात म्हणजे कमीच. शिवाय १० च्या एमसीबीने ११.३ अँपिअरवर तासभर पडायचं नाही आणि १४.५ वर तासाच्या आत पडायचं, असंच त्याचं मानक आहे. तो वायर वाचवायला बसवलेला असतो. सैल स्क्रू त्याला दिसत नाही.

[दृश्य: टेस्ट लॅम्पच्या दोन वायरी सॉकेटमध्ये. दिवा लागत नाही.]

काकांनी आणखी एक गोष्ट दाखवली. टेस्ट लॅम्प फेज आणि न्यूट्रलमध्ये धरला, दिवा लागला. फेज आणि अर्थमध्ये धरला, काहीच नाही. वरच्या मोठ्या भोकामागे वायरच नव्हती. तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या वायरिंगमध्ये हे फार ठिकाणी सापडतं. लोखंडी रॅक, ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांतल्या ट्यूब, हातात पाण्याची स्प्रे बाटली, आणि अर्थिंग नाही. या रॅकशी आई दिवसातून चार वेळा ओल्या हातांनी उभी राहत होती.

[दृश्य: डीबी, म्हणजे एमसीबींची पेटी. नवी केसिंग-कॅपिंग, वायरी झाकणारी पट्टी, छताकडून खोलीत येते.]

या रॅकसाठी डीबीपासून वेगळी लाइन ओढली. अडीच स्क्वेअर मिलिमीटरची तांब्याची वायर, तिच्यासोबत हिरवी अर्थची वायर. १६ अँपिअरचा सी टाइप एमसीबी, कारण बरेच ड्रायव्हर एकदम चालू झाले की क्षणभर करंटचा मोठा झटका बसतो आणि बी टाइप विनाकारण पडू शकतो. पुढे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. फेजने गेलेला करंट न्यूट्रलने तेवढाच परत येतोय का, हे तो पाहत राहतो. फरक पडला की तोडतो. अर्थिंग नीट असेल तर रॅकमध्ये करंट उतरताक्षणी तोडतो. नसेल, तर माणसाला धक्का बसू लागल्यावर. म्हणून आरसीसीबी बसवला की अर्थिंगची गरज संपली, असं समजू नका. त्यावरचं ‘टी’ लिहिलेलं बटण अधूनमधून दाबून बघा, खटका पडला पाहिजे.

तीन-साडेतीन अँपिअरसाठी एवढं? ओळखीतल्या दोघा-तिघांनी हे विचारलं. माझं उत्तर, हो, एवढं. एका फ्लॅटच्या इतर खर्चापुढे ही लाइन स्वस्तात पडते, आणि १४ तास चालणाऱ्या लोडला उसनी जागा देऊ नये असं मला मनापासून वाटतं. काम मात्र परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

[दृश्य: रॅक. वायरीचा खाली लोंबणारा झोळ. त्याच्या टोकाशी पाण्याचा एक थेंब.]

एक्स्टेंशन बोर्ड गेला. प्रत्येक रॅकला भिंतीवर आपलं सॉकेट, सगळ्यात वरच्या ट्रेच्याही वर. वायर सॉकेटपर्यंत सरळ नेलेली नाही. आधी खाली झोळ, मग वर. ट्रेमधून ओघळलेलं पाणी इथे, झोळाच्या तळाशी येतं आणि जमिनीवर पडतं. टायमर आता फक्त काँटॅक्टर चालवतो, आणि हा दणकट स्विच ट्यूब चालू-बंद करतो. ट्यूबचा झटका टायमरच्या नाजूक पॉइंटवर बसत नाही, नाहीतर ते चिकटून दिवे बंदच न होण्याची भीती असते. इस्त्री दुसऱ्या खोलीत गेली.

रोज पावणेसात युनिट जळतात, महिन्याला दोनशेच्या घरात. तेवढा आकडा बिलात दिसतो आणि आईने तो धरूनच पालेभाजीचा भाव ठरवलाय.

[दृश्य: संध्याकाळ. साडेसात. ट्यूब विझतात. आई तिन्ही सॉकेटना एकामागून एक हाताची मागची बाजू लावते.]

तिन्ही गार.

पंधरा दिवसांनी काका पुन्हा आले. मेन बंद करून त्यांनी प्रत्येक टर्मिनलचा स्क्रू तपासला. तिसऱ्या सॉकेटमधल्या न्यूट्रलच्या स्क्रूने आणखी पाव फेरा घेतला.