पहिली पंधरा मिनिटे

खांबावरची कडी ओढताच डोक्यावरच्या रुंद झारीतून पाणी कोसळते. अंगावर रसायन सांडल्यावर काय करायचे, याचा हा सराव आहे. एकाच्या अंगावर रसायनाऐवजी सांडलेले आहे ते रंगीत पाणी. ‘एएनएसआय झेड३५८.१’ या अमेरिकी मानकानुसार अशा सेफ्टी शॉवरमधून मिनिटाला सुमारे ७५ लिटर कोमट पाणी सलग १५ मिनिटे यावे लागते आणि धोक्याच्या जागेपासून तिथे १० सेकंदांत पोचता यावे लागते.

पाणी चालू असतानाच सहकारी त्याचे कपडे उतरवतो आहे. रसायनाने भिजलेले कापड ते रसायन त्वचेशी धरून ठेवते, त्यामुळे संकोचात गेलेला प्रत्येक क्षण महाग पडतो. शर्ट डोक्यावरून ओढला तर तो चेहऱ्यावरून आणि डोळ्यांवरून जाईल, म्हणून कात्री समोरून, गळ्यापर्यंत चालवली जाते. पाठोपाठ बूट, मोजे, घड्याळ, अंगठी हेही निघते, कारण द्रव नेमका तिथेच साचून राहतो. उघड्या त्वचेवरून फिरणारा हात हलका आहे, कारण खरखरून घासल्यास त्वचा सोलवटते आणि रसायनाला आत शिरायला वाट मिळते.

भुकटीच्या बाबतीत मात्र क्रम वेगळा असतो. कळीचा चुना पाण्याशी संयोग होताच तापतो, म्हणून तो आधी कोरडाच मऊ ब्रशने, चेहऱ्यापासून दूर झाडायचा आणि मगच पाण्याचा जोरदार प्रवाह सोडायचा.

आम्लावर सोडा किंवा अल्कलीवर (कॉस्टिक सोड्यासारख्या रसायनावर) व्हिनेगर ओतण्याचा सल्ला अजूनही दिला जातो, आणि तो घातक आहे: त्या अभिक्रियेतून उष्णता निघते आणि बाटली शोधण्यात धुण्याची वेळ निघून जाते. अल्कली तर त्वचेतल्या चरबीचा साबण करत खोल उतरते. अशा जखमा भरायला महिने लागू शकतात.

हायड्रोफ्लोरिक आम्लाला नुसते पाणी पुरत नाही. त्याचे फ्लोराइड आयन आतल्या ऊतींतले कॅल्शियम बांधून टाकतात, म्हणून धुणे झाल्याबरोबर हातमोजे घालून २.५ टक्क्यांचे कॅल्शियम ग्लुकोनेट जेल चोळायला घेतात, आणि डाग छोटा दिसला तरी रुग्णाला डॉक्टरांकडे नेतात.

आता सराव संपला आहे. शॉवरची वाट अडवणारे पिंप दोघे जण ढकलत बाजूला नेत आहेत. दर आठवड्याच्या चाचणीसाठीही कडी अशीच ओढली जाते, नळीतून आधी गंजाचे तांबूस पाणी येते आणि ते स्वच्छ होईपर्यंत कोणीही कडी सोडत नाही.