भज्जीचा गुंठा

(काळोख. चुलीचा जाळ. मोठ्या पातेल्यात काहीतरी रटरटतंय.)

19 डिसेंबर 2025. पहाटेचे साडेचार वाजलेत. लातूरहून औशाकडं जाताना आत वळलं की लागणारं हे गाव. नाव सांगत नाही. आज या भागातल्या कुठल्याही घरात शिरलात तरी हेच दिसेल.

चुलीपुढं बसलीय ती माझी आत्या. आम्ही आल्यापासून ती एकच वाक्य बोललीय. "त्ये क्यामेरं बाजूला घी माय, पीठ सांडंल."

आज येळवस. कॅलेंडरात हिला वेळ अमावस्या म्हणतात. मार्गशीर्षातली ही अमावस्या लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत आणि त्यांना लागून असलेल्या मुलखात शेतात जाऊन साजरी होते. पुढं सीमा ओलांडली की कर्नाटकातही हा सण आहेच. पण इकडं पुण्या-मुंबईत कुणाला ठाऊक नाही. लातूरचा माणूस पुण्यात नोकरीला असला की दरवर्षी साहेबापुढं उभा राहतो, आणि साहेब विचारतात, "अमावस्येची कसली सुट्टी?" लातुरात मात्र जिल्हाधिकारीच स्थानिक सुट्टी जाहीर करतात.

(पातेलं जवळून. पळीनं वर येणारे हिरवे दाणे.)

ही भज्जी. भजी नव्हे, भज्जी. हे आधी सांगून टाकते, कारण एका पाहुण्यानं मागच्या साली सकाळपासून कढई शोधली होती.

भज्जीत काय असतं, यापेक्षा काय नसतं ते विचारावं. तुरीचे ओले दाणे, पावटा, वाटाणा, हरभऱ्याचे सोलाणे, भुईमुगाचे दाणे. मेथी, चुका, चाकवत, कोथिंबीर, कांद्याची पात. वांगं, गाजर. हिरवी मिरची आणि लसणाचा ठेचा. चिंचेचा कोळ, आणि शेवटी सगळ्याला एकत्र बांधणारं हरभऱ्याच्या डाळीचं पीठ. दाणे अर्धेकच्चे राहिले तर आत्या पातेल्यावरचं झाकण कुणाला काढू देत नाही.

यातली तूर, कोथिंबीर आणि चिंच लातूरकरांच्या विशेष अभिमानाची. बोरसुरीची तूरडाळ, कास्ती कोथिंबीर आणि पानचिंचोलीची चिंच, तिघींना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आत्याला हे सांगितलं. ती म्हणाली, "कशाला? चिंच आमची हाय की आधीपासूनच."

शेजारी बिंदगी ठेवलीय, म्हणजे मातीची छोटी घागर. चुन्यानं रंगवलेली, वर कावेचे, म्हणजे गेरूचे पट्टे. बिंदगीत आंबील. ज्वारीचं पीठ ताकात भिजवून आंबवायचं, मग शिजवायचं, वर जिरं आणि लसूण. टोपल्यात सजगुऱ्याचे उंडे. सजगुरा म्हणजे बाजरी, उंडे म्हणजे तिच्या पिठाचे उकडलेले गोळे. खाली खीर, भरीत, पोळ्या. सगळं झाकून टोपलं आत्याच्या डोक्यावर, आणि बिंदगी मामांच्या. आमच्याकडं आत्याच्या नवऱ्यालाही मामाच म्हणतात.

(रस्ता. उजाडलंय. टेम्पो, मोटारसायकली, एखादी बैलगाडी.)

शहर आज बाहेर पडतं. उद्याच्या पेपरात मथळा असेल 'शहरात अघोषित संचारबंदी'. तो मथळा लहानपणापासून वाचतेय. कुणी बदलत नाही, आणि बदलूही नये. ज्याला शेत नाही तो मित्राच्या शेतात जातो. ज्याला मित्र नाही तो नुसता रस्त्यानं चालत राहिला तरी चालतं. बांधावरून हाक येतेच.

आमचं शेत गावापासून दीड-दोन किलोमीटर. मधे ओढा लागतो. सप्टेंबरमध्ये हा ओढा ओळखू येत नव्हता.

(कोप. कडब्याच्या पेंढ्यांचा छोटा आडोसा. आत चुना लावलेले पाच दगड.)

ज्वारीच्या कडब्याचा हा कोप. आत पाच पांडव. शेतातलेच दगड, चुना आणि काव लावलेले. शेजारी लक्ष्मी. पूजा अर्ध्या तासात उरकते, आणि मला विचाराल तर येळवशीतली ती सगळ्यात शांत गोष्ट. खरी मजा पुढं.

मामा आंबिलीचा गडू घेऊन निघालेत. हातात ज्वारीच्या पाल्याची जुडी. पाला आंबिलीत बुडवायचा, पिकावर शिंपडायचं आणि शेताच्या कडेकडेनं जायचं. मागून पोरं ओरडतात, "ओलगे ओलगे सालम पलगे!" पुढच्या शिवारात हेच शब्द जरा वेगळे ऐकू येतात. कानडीचा वास येतो, पण मामांना अर्थ विचारला तर ते हसून पुढं चालायला लागतात.

आता इथं थांबूया. मामांच्या पायाखालचं शेत नीट बघा.

पाच एकर आहे. साडेचार एकरांवर जूनमध्ये सोयाबीन होतं. पलीकडं सोयाबीन, अलीकडं सोयाबीन, ओढ्यापर्यंत सोयाबीन. नावं ठेवायला मी बसलेली नाही. सोयाबीननं इथल्या पोरांच्या फिया भरल्यात, लेकींची लग्नं केलीत. तेही शेंगावर्गीयच, त्याच्या मुळावरही गाठी असतात. अडचण वेगळीच आहे. सगळं शिवार एका आठवड्यात पेरलं जातं आणि एकाच आठवड्यात काढणीला येतं. यंदा सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात पाऊस आला तो शेंगा भरल्यावर, आणि राहिला. धाराशिव, बीड, लातूर, कुठं शेतं तळी झाली, कुठं माती वाहून गेली. जे एकाच वेळी पेरलं होतं ते एकाच वेळी बुडलं.

याच लातूरला एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पिण्याचं पाणी आणावं लागलं होतं. पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या, त्यांत पाच लाख लिटर. तेव्हा आम्ही घागर घेऊन रांगेत, आणि यंदा गुडघाभर चिखलात. दोन्ही वेळा आत्याचं म्हणणं एकच, "पाऊस आपल्याला इचारून येत न्हाई."

(विहिरीजवळचा हिरवा तुकडा. कॅमेरा हळूहळू आत.)

आणि हा तिचा गुंठा. 33 फूट लांब, 33 फूट रुंद, विहिरीच्या वरच्या अंगाला. मामा याला 'भज्जीचं रान' म्हणतात, थोडं चेष्टेनं. चाळीस गुंठ्यांचा एकर. त्यातला हा एक.

चारी बाजूंनी करडई. तिचं कुंपण आत्याच्या सासूपासूनचं. करडईला काटे येतात, जनावर तोंड घालत नाही. तिचं सोटमूळ खोल जातं, म्हणून वरची माती वाळली तरी ती खालच्या ओलीवर उभी राहते. आतल्या अंगाला तुरीच्या दोन ओळी, जूनअखेरच्या पावसावर टाकलेल्या. तुरीवर पावट्याचे वेल चढवलेत, वेगळा मांडव नाही. मधे वांगी आणि मिरच्या. उतार वरचा असल्यामुळं इथं पाणी साचलं नाही. पाचोळा मातीवर पडून तिथंच कुजतोय, वर सोयाबीनचं भुस्कट पसरलंय. काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. भुस्कटाखाली ती तेवढी भेगाळत नाही.

मेथी, चुका, चाकवत एकदम पेरायचं नाही. दर पंधरा दिवसांनी एक वाफा. विहिरीवर हातपाय, भांडी धुतलेलं पाणी चारीनं तिकडं वळवलंय. इथं ठिबक नाही, शेडनेट नाही. शेजारच्या एकानं दोन्ही केलंय, चांगलं केलंय. पण त्याच्या बागेत एकच पीक आहे, ढोबळी मिरची. भज्जीला ती चालत नाही.

(आत्याचे हात. हरभऱ्याचे शेंडे खुडताना.)

हा हरभरा. दरवर्षी येळवशीपर्यंत याला घाटे भरलेले असतात. यंदा घाटा नाही, नुसतं फूल आहे, आणि तेही तुरळक.

कारणं दोन. पावसामुळं रानाला वाफसाच येईना. पाय ठेवला की चिखल, तिफण धरणार कशी? पेरणी ऑक्टोबर संपता संपता झाली. दुसरं कारण पंचांगात. चंद्राचं वर्ष अकरा दिवसांनी आखूड, म्हणून येळवस दरवर्षी अलीकडं सरकते आणि अधिक महिना आला की झेप घेऊन पुढं जाते. 2024 सालात तर ती दोनदा आली, एकदा 11 जानेवारीला, एकदा 30 डिसेंबरला. यंदा 19 डिसेंबर. पेरणी लांबली आणि सण अलीकडं आला. हरभऱ्याला मधे दिवसच मिळाले नाहीत.

मग पातेल्यात ते सोलाणे कुठून आले?

विचारल्यावर आत्या जरा वेळ गप्प बसली. काल संध्याकाळी मामांनी लातूरच्या मंडईतून आणलेत. पाव किलो.

ती ते लपवत होती असं नाही. पण तिच्या लेखी भज्जी ही शेताची हजेरी आहे. जो दाणा पातेल्यात नाही तो शेतात नाही. लहानपणी मी पातेल्यात डोकावून नावं मोजायची, पंधरा-सोळा व्हायची. खरिपाची ज्वारी पेरताना तिच्यात मूग, उडीद, अंबाडी, तीळ, तुरीच्या ओळी जायच्या. चाडं म्हणजे तिफणीवरचा बी सोडायचा पेला. चाड्यावर मूठ धरणाऱ्याला कुठली ओळ कशाची ते तोंडपाठ. आज अख्ख्या गावात चाड्यावर मूठ धरणारी माणसं बोटावर मोजावीत एवढी उरलीत. बाकी ट्रॅक्टर. आणि भज्जी तर होतेच सगळीकडं, मंडईतून होते. चवीत फारसा फरक पडत नाही, हे मला प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. फ्रीजरमधला वाटाणा टाकलेली भज्जीही मी दोन वाट्या खाल्लीय.

(शेंडा खुडून आत्या तो निवेदिकेच्या तोंडात देते.)

आंबट. हरभऱ्याच्या पानावर बारीक लव असते आणि तिच्यातून आम्ल झिरपतं. पहाटे दवात हरभऱ्यातून चाललं की पायाची कातडी चुरचुरते. तिला आंब म्हणतात. रात्री धुतलेलं फडकं पिकावर अंथरून सकाळी पिळलं की ती आंब निघायची आणि बाटलीत भरून ठेवायचे, पोटदुखीवर. शेंडे खुडले की झाड खाली फुटतं, फांद्या वाढतात. भाजीही होते आणि पीकही सुधारतं. यंदाच्या भज्जीत सोलाण्यांपेक्षा हे शेंडेच जास्त आहेत. तिनं आपला हिशेब असा जुळवलाय.

(एक रोप उपटलं जातं. मुळं पाण्यात खळबळली जातात.)

मुळावर या गाठी दिसतात का? एक नखानं फोडते. आतून गुलाबी. गुलाबी म्हणजे आतले जिवाणू कामावर आहेत, हवेतला नत्र झाडाला मिळतोय. हिरवट किंवा मातकट निघाली तर त्यांचं काम संपलं. तूर, पावटा, वाटाणा, भुईमूग, सगळ्यांना अशा गाठी येतात. भज्जीच्या पातेल्यातला अर्धा ऐवज रानाला खत घालून आलेला असतो. आत्यानं रोप माझ्या हातातून घेतलं आणि म्हणाली, "दावून झालं का? का अजून धा उपटतीस?"

(जेवणाची पंगत. पळसाच्या पत्रावळी.)

दुपार. बांधावर चाळीसेक माणसं. यातल्या निम्म्यांना मी ओळखत नाही, आणि मामाही बहुतेक ओळखत नसावेत. रस्त्यानं जाणारा एक कुरिअरवाला पोरगा हाक ऐकून थांबला. हेल्मेट काढून बसलाय, तिसरी आंबील घेतोय. पलीकडच्या शेतात मोठ्या स्पीकरवर गाणी लागलीत आणि कडब्यात प्लास्टिकच्या प्लेटा उडताहेत. आज भांडण नको म्हणून आत्या काही बोलली नाही. उद्या सकाळी ती पोतं घेऊन जाणार आहे, आणि त्या शेतवाल्याला बोलावून जाणार आहे.

(संध्याकाळ. गोवऱ्यांवर दूध. ते वर येतंय.)

दिवेलागणीला दूध उतू घालायचं. ज्या दिशेला ऊतू जाईल तिकडचं पीक चांगलं, असं मानतात. पोरं कान टवकारून बसलीत. दूध गेलं पूर्वेला. पूर्वेला ओढा आहे. मामा म्हणाले, "म्हंजी यंदा ओढा चांगला पिकणार," आणि सगळे हसले, आत्या सोडून.

गवताचा टेंभा पेटवून पोरं शेताला फेरी घालून आली. बिंदगी रिकामी झाली होती. निघताना आत्यानं पदराच्या गाठीतून चिंधी काढून माझ्या हातात दिली. राखेत ठेवलेलं पावट्याचं बी, मूठभर.

"पुन्याला कुंडीत लाव. मिरगाचा पाऊस पडल्याबिगर लावू नगं. आन् दोरी नगं बांधू त्येला, काटकी लाव."

किती बी आहेत ते तिनं मोजून दिले होते. बावीस.