आर्मिडेल: पावणेसहा महिन्यांची नोकरी

मंडळी, आजचं जहाज आहे एचएमएएस आर्मिडेल. ऑस्ट्रेलियन नौदलात ते दाखल झालं ११ जून १९४२ ला आणि बुडालं त्याच वर्षी १ डिसेंबरला. कागदोपत्री हे माइनस्वीपर. समुद्रतळाशी तारेने बांधलेला सुरुंग पाण्याखाली तरंगत असतो. माइनस्वीपर आपल्यामागे कातऱ्या लावलेली लांब तार ओढत नेतं. सुरुंगाची तार कापली गेली की तो उसळून वर येतो आणि मग त्याला दुरून गोळ्या घालून निकालात काढायचं.

पण खरं सांगायचं तर बाथर्स्ट वर्गाच्या या ६० जहाजांना माइनस्वीपर म्हणण्यात थोडी लपवाछपवी होती. पाणबुड्या हुडकायची यंत्रणाही त्यांच्यावर होती. लोक त्यांना कॉर्व्हेटच म्हणत, म्हणजे राखणीची छोटी युद्धनौका. लांबी ५७ मीटर, वेग जेमतेम १५ नॉट. काफिल्याची राखण, सैनिकांची ने-आण, पडेल ते काम. त्यातली चार रॉयल इंडियन नेव्हीत आली. पैकी ‘बॉम्बे’ तर आर्मिडेलसारखीच सिडनीच्या मॉर्ट्स डॉकमध्ये बांधलेली. ३१ मे १९४२ च्या रात्री जपानच्या छोट्या पाणबुड्या सिडनी बंदरात घुसल्या, तेव्हा ती तिथेच होती.

आर्मिडेलचे पहिले महिने काफिल्यांमागे गेले. नोव्हेंबरात ती उत्तर ऑस्ट्रेलियातल्या डार्विन बंदरात पोचली. समोर टिमोर बेट, तिथल्या डोंगरांत ऑस्ट्रेलियन आणि डच सैनिक जपान्यांशी गनिमी काव्याने झुंजत होते. बेटानोच्या किनाऱ्यावरून थकलेल्यांना आणि पोर्तुगीज निर्वासितांना काढायचं, ताज्या दमाचे सैनिक उतरवायचे, अशी कामगिरी. त्याच वर्गाची कॅसलमेन आणि आर्मिडेल निघाल्या. वाटेत जपानी विमानांनी त्यांना हेरलं, हल्ले झाले आणि बेटानोला पोचायला दोन तासांहून जास्त उशीर झाला. तोवर ‘कुरू’ नावाची लहानशी बोट निर्वासितांना घेऊन निघून गेली होती. सकाळी समुद्रात गाठ पडली, माणसं कॅसलमेनवर चढवली, ती डार्विनकडे वळली. उतरवायचे सैनिक होते आर्मिडेलवर, म्हणून तिला पुन्हा टिमोरकडे जायचा हुकूम. विमानहल्ले हा नेहमीचाच भाग समजा, अशा अर्थाचा संदेशही डार्विनहून आला. किनाऱ्यावरच्या कार्यालयात बसून हे लिहिणं सोपं असतं, एवढंच म्हणतो.

दुपारी तीनच्या सुमारास बॉम्बफेकी विमानं आली, सोबत लढाऊ विमानं. दोन टॉर्पेडो लागले. पहिला डाव्या कुशीत, सैनिकांची गर्दी असलेल्या दालनात घुसला. हे सैनिक डच ईस्ट इंडीजचे, म्हणजे आजच्या इंडोनेशियातले. जहाजावर दोन डच अधिकारी धरून असे ६३ जण होते, त्यातले ६० गेले. खलाशी ८३, गेले ४०. आर्मिडेलची गोष्ट सांगताना हे ६० जण एका वाक्यात उरकले जातात, ते मला खटकतं.

जहाज सोडायचा हुकूम झाला. टेडी शीन, वय १८, टास्मानियाचा, साधा खलाशी. तो तराफा सोडवत होता. पाण्यात पडलेल्यांवर विमानं गोळ्या झाडतायत हे त्याने पाहिलं. स्वतः जखमी असताना मागच्या विमानविरोधी ऑर्लिकॉन तोफेकडे परतला, पट्ट्याने स्वतःला जखडून घेतलं आणि एक विमान तरी पाडलंच. मागचा भाग पाण्याखाली जाताना तोफ चालूच होती, असं वाचलेल्यांनी सांगितलं.

पुढे कप्तान रिचर्ड्स मोटरबोटीने मदत आणायला निघाले, नंतर दुसरी होडीही निघाली. दोन्ही सापडल्या. मागे उरलेला तराफा ८ डिसेंबरला पाण्यावर उतरणाऱ्या कॅटलिना विमानाला दिसला, पण समुद्र खवळलेला, विमान उतरू शकलं नाही. तो तराफा पुन्हा कोणाला दिसलाच नाही. एकूण ४९ जण वाचले, त्यात जहाजावरचे तीन ऑस्ट्रेलियन भूदलातले सैनिकही.

शीनला तेव्हा नुसता खलित्यात, म्हणजे अधिकृत युद्ध-अहवालात, नावाचा उल्लेख मिळाला. त्या काळी शौर्यासाठी मरणोत्तर द्यायचं तर एक तर हा उल्लेख, नाही तर थेट व्हिक्टोरिया क्रॉस किंवा जॉर्ज क्रॉस, ही सर्वोच्च शौर्यपदकं. खालचं कुठलंही पदक मेलेल्याला देता येत नसे. नौदलाने पुढे एका पाणबुडीला त्याचं नाव दिलं, चौकशा झाल्या, शिफारस झाली, सरकारने ती फेटाळली, परत समिती बसली. व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला ऑगस्ट २०२० मध्ये. ऑस्ट्रेलियन नौदलातला तो पहिलाच.