कोयनेचं पाणी आणि वाडीतली पोरं

श्रोतेहो, नमस्कार.

पाटण किंवा जावळीतल्या एखाद्या वाडीत जाऊन विचारा, घरी कोण कोण असतं? म्हातारी, दोन गुरं, "आनि पोरं म्हमईला." राजधानी इतकी का वाढली, हे समजून घ्यायला मंत्रालयापर्यंत जावं लागत नाही. या उंबऱ्यावर बसलं तरी पुरतं.

मुंबईत १८५४ मध्ये पहिली कापडगिरणी स्थापन झाली आणि पुढे तिला माणसं पुरवली ती घाटावरच्या आणि कोकणातल्या गावांनी. आपल्या सातारा जिल्ह्यात पश्चिमेला पाऊस कोसळतो, पण उताराच्या तुकड्यात नाचणी-वरीपलीकडे फारसं काही येत नाही. पूर्वेला माण-खटावात तर पाऊसच दडी मारतो. दोन्हीकडच्या पोरांनी गाडी मात्र मुंबईचीच धरली. तिथं गावकीची खोली असायची, तिला गाळा म्हणत. दिवसपाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच पथारीवर आडवा. जेवण खानावळीत, आणि महिन्याला गावी मनिऑर्डर. ज्यांना गिरणी मिळाली नाही त्यांनी बंदरात, बाजारात पाठीवर पोती वाहिली. या माथाडींना १९६९ मध्ये कायद्याचं संरक्षण मिळालं, त्यामागे उभे होते पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे अण्णासाहेब पाटील.

१९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून थंडावल्या. माणसं मात्र परतली नाहीत. परतून करणार काय? २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाखांवर गेली. तिथल्या हालांबद्दल वेगळं काय सांगू? लोकलच्या दारात लटकलेला भाचा तुमच्याही घरी असेल. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि मिठी नदीला आपण किती आवळलंय ते शहराला एका रात्रीत कळलं.

पण या वाढीचं एक बिल आपल्या खोऱ्यातही फाटलं आहे. कोयना मुळात पूर्वेला वाहते आणि कऱ्हाडला कृष्णेला मिळते. धरण झालं, १९६२ पासून वीज सुरू झाली, आणि तिचं बरंचसं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीकडे उतरू लागलं. त्या विजेवर मुंबई-पुण्याचे कारखाने फिरले. धरणाच्या शिवसागर जलाशयाखाली ज्यांची शेतं गेली, त्यांच्यातल्या कित्येकांनी बोचकं उचललं आणि शेवटी गाठलं कुठलं शहर, तर तेच. माणूस आणि पाणी दोन्ही त्याच दिशेला गेलं. इकडे उन्हाळ्यात वीज आधी की टेंभू-ताकारी या उपसा सिंचन योजनांचं पाणी आधी, हा वाद सांगलीकरांना तोंडपाठ आहे.

वीज करून झाल्यावर उरलेलं अवजल वाशिष्ठीतून समुद्राला मिळतं. ते मुंबईला पिण्यासाठी न्यावं, अशी योजना अधूनमधून डोकं वर काढते. धरणाच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या एका आजीला मी हे सांगितलं. चैत्र होता, तिच्या डोक्यावर हंडा. ती म्हणाली, "लांबचं ऱ्हाऊ द्या. त्यो नळ आदी हितं वर आनता यील का, तेवढं इचारा."